उतार, हौदा आणि माळवद

ग्रीकांनी नाट्यगृह बांधायचं ठरवलं की आधी उतार शोधला. अथेन्समधलं डायोनिसस देवाचं नाट्यगृह अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिणेकडच्या उतरणीवर आहे. एपिडॉरसचं नाट्यगृह आजही जवळजवळ धड उभं आहे, तेही एका टेकडीच्या पोटातच. तीन बाजूंनी जमीन वर चढत गेलेली, समोरची बाजू मोकळी आणि मधे सपाट गोल. पाखडताना हातात धरलेल्या सुपासारखा आकार. त्या गोलात बारा-पंधरा जणांचा गाणारा-नाचणारा मेळा असायचा, त्याच्या मागं नटांची लांबट इमारत, आणि उरलेल्या तिन्ही अंगांना सगळं गाव. अथेन्समध्ये सुरुवातीला लोक लाकडी फळ्यांवर बसत. दगडी पायऱ्या पुऱ्या झाल्या त्या लायकर्गसच्या कारभारात, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. तोवर सोफोक्लीस आणि युरिपिडीस दोघांनाही जाऊन सत्तर-ऐंशी वर्षं होऊन गेली होती. म्हणजे ज्या नाटकांचं नाव जग अजून घेतं, ती नाटकं पहिल्यांदा पाहणारी माणसं फळ्यांवर आणि डोंगराच्या मातीवर बसली होती. दगड नंतर आला, उतार आधीपासून होता.

शाळेत इतिहास शिकवताना हा भाग आला की मी मुलांना खिडकीबाहेर बघायला सांगायचो. आमचं धारूर बालाघाटाच्या काठावर वसलेलं गाव. तेलगावच्या रस्त्याला लागलं की घाट सुरू होतो आणि जमीन पायाखालून सुटत जाते. किल्लाही अशाच जागी आहे, दरीनं वेढलेला, सीताफळीच्या झुडपांनी भरलेला. विजापूरच्या किश्वरखानानं सोळाव्या शतकात इथं तटबंदी उभारली, 1631 मध्ये मोगलांनी तो घेतला आणि गावाचं नाव फतेहाबाद केलं, हे सगळं मुलं पाठ करायची. पण उतार म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नव्हतं. शेळ्या घेऊन ती रोज तिथंच जात होती. वरच्या कड्यावरून खालच्या पोराला हाक मारली तर कुठून ऐकू जाते आणि कुठून वाऱ्यावर विरते, हे त्यांनी मला शिकवावं इतकं त्यांना ठाऊक होतं.

उताराचं काम साधं आहे: मागच्याला पुढच्याचं डोकं आड येऊ नये. एपिडॉरसला चढ साधारण 26 अंशांचा आहे. खालच्या भागात 34 ओळी, वर नंतर जोडलेल्या 21, एकूण 55. तेरा-चौदा हजार माणूस बसेल एवढी जागा. तिथल्या आवाजाविषयी फार बोललं जातं. मधोमध नाणं टाकलं तर शेवटच्या ओळीत खणखण ऐकू येते, असं वाटाडे वर्षानुवर्षं सांगत आले. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या संशोधकांनी 2017 मध्ये मोजमापं घेतली तेव्हा नाण्याची गोष्ट काही टिकली नाही. पण नटानं आवाज नीट लावला तर तो शेवटपर्यंत जातो, हे टिकलं. त्याआधी 2007 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी असं दाखवलं होतं की चुनखडीच्या पायऱ्यांची ती लागोपाठची रांग गर्दीची खालच्या सुरातली कुजबुज दाबते आणि बोलणाऱ्याचा स्वर पुढं जाऊ देते. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे की बांधणाऱ्यांनी शेवटच्या ओळीचा हिशेब धरला होता. जो सगळ्यात उशिरा आला, ज्याला कुणी ओळखत नाही, तो वर जाऊन बसेल आणि त्यालाही गोष्ट पुरी कळेल, एवढी सोय दगडात करून ठेवली.

त्यासाठी त्यांनी एक गोष्ट सोडून दिली: चेहरा. शंभर-दोनशे फुटांवरून डोळ्यातलं पाणी दिसत नाही. म्हणून नट मुखवटे घालून उभे राहत, भाव अंगातून आणि आवाजातून दाखवत.

आपल्याकडं भरतमुनींनी नेमका उलटा कौल दिला. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपाची मापं आहेत. माणसांसाठी मधल्या आकाराचा मंडप चांगला: 64 हात लांब, 32 हात रुंद, म्हणजे जवळजवळ 96 फूट बाय 48. त्यातला अर्धा नटांना, अर्धा प्रेक्षकांना. याहून मोठा करू नका, असं ग्रंथ बजावतो, कारण मोठ्या मंडपात उच्चार फाटतो आणि मुखावरचे भाव दिसेनासे होतात. प्रेक्षकांची आसनं विटांची किंवा लाकडाची, जिन्यासारखी चढती. आणि मंडपाचा आकार डोंगरातल्या गुहेसारखा, खिडक्या बारीक, वारा न खेळणारा, म्हणजे आवाज घुमेल. अंबाजोगाईला हत्तीखान्याच्या लेण्यात उभं राहून नुसतं खाकरलं तरी भरतमुनींना काय म्हणायचं होतं ते कानाला कळतं. ग्रीकांनी डोंगराची पाठ घेतली आणि भरतमुनींनी डोंगराचं पोट. एकानं गर्दी राखली, दुसऱ्यानं चेहरा. मला दोन्हीही बरोबर वाटतात. आपण कोणता खेळ करणार आहोत, त्यावर ते ठरतं.

रोमन लोकांनी डोंगराची गरजच संपवली. त्यांच्याकडं काँक्रीट होतं आणि कमानीवर कमान चढवायची विद्या होती. सपाट गावात त्यांनी कमानींवर उतार उचलून धरला. रोममधलं पहिलं कायमचं दगडी नाट्यगृह सेनापती पॉम्पीनं इसवी सनापूर्वी 55 मध्ये बांधलं. नाट्यगृह म्हणजे चैन, ती कायमची नको, असं मानणारे जुन्या वळणाचे लोक तिथं बरेच होते, म्हणून त्यानं पायऱ्यांच्या माथ्यावर व्हीनस देवीचं देऊळ बसवलं आणि पायऱ्या देवळाच्याच आहेत असं सांगितलं. पुढं दोन अर्धगोल जोडल्यासारखं लंबगोल रिंगण आलं. त्यातलं सगळ्यात मोठं कॉलोसियम इसवी सन 80 मध्ये सुरू झालं: 188 मीटर लांब, 156 मीटर रुंद, भोवती 80 कमानी, त्यातल्या 76 कमानींवर आकडे कोरलेले. आपल्या आकड्याच्या कमानीतून आत शिरायचं, जिना चढायचा, आपल्या ओळीत बाहेर पडायचं. पन्नासएक हजारांची गर्दी न चेंगरता आत-बाहेर करायचं हे शास्त्र आजच्या प्रत्येक क्रिकेट मैदानात तसंच्या तसं चालू आहे.

ते शास्त्र नसलं की काय होतं, हेही त्यांनी भोगलं. इसवी सन 27 मध्ये रोमजवळ फिडिनी गावात आतिलियस नावाच्या माणसानं पैसे कमवायला लाकडी रिंगण उभं केलं, ना पाया धड ना सांधे पक्के. ते भर खेळात कोसळलं. इतिहासकार टॅसिटस मेलेल्यांचा आणि जायबंदी झालेल्यांचा मिळून आकडा पन्नास हजार सांगतो, स्युटोनियस वीस हजारांवर मेल्याचं लिहितो. त्यानंतर सिनेटनं नियम केला: चार लाख सेस्टर्सची ऐपत नसलेल्यानं असे खेळ लावायचे नाहीत, आणि जमीन तपासल्याशिवाय रिंगण उभारायचं नाही. जत्रेतल्या आकाशपाळण्याला आणि तंबूला परवाना देणाऱ्या प्रत्येक कचेरीत ही गोष्ट भिंतीवर लावावी असं मला मनापासून वाटतं.

रोमन पायऱ्यांवरचं एक मात्र मला पटत नाही. तिथं कोण कुठं बसणार हे कायद्यानं ठरलेलं होतं. सिनेटर अगदी पुढं. इसवी सनापूर्वी 67 च्या कायद्यानं त्यांच्यामागच्या 14 ओळी सरदारवर्गाला राखलेल्या. आणि सम्राट ऑगस्टसच्या काळापासून बायका सगळ्यात वर, माथ्यावर. ज्या उतारानं सगळ्यांना सारखं दिसावं, त्याच उतारावर माणसाची पायरी दाखवून दिली.

या रोमचा आणि आपल्या मुलखाचा संबंध होता, तोही चांगला पक्का. तेर धारूरहून फार लांब नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात त्याचं नाव तगर असं येतं: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, तिथून गाड्या भरून कापड भडोचच्या बंदराकडं जायचं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या मातीतून हयातभर वस्तू गोळा केल्या, त्यांचं आज तिथं वस्तुसंग्रहालय आहे. तेरला मिळालेली हस्तिदंती बाई आणि इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेली हस्तिदंती बाई शेजारी ठेवल्या तर नात्यातल्या वाटतात. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावं कोरलेली आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती निघाली, ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. देव आला, दारूचे कुंभ आले, नाणी आली. पायऱ्यांचं रिंगण काही आलं नाही. ते यायला आणखी अठराशे वर्षं लागली, आणि आलं तेही कोल्हापुरातच.

तोवर आपला खेळ सपाटीवर चालला. आमच्या भागातल्या जत्रेत तमाशाचा फड उभा राहायचा तो देवळापुढच्या पटांगणात. चार बांबू, कनात, गॅसबत्त्या. गडी जमिनीवर पोती टाकून बसायचे, मागचे उकिडवे, त्यांच्या मागचे उभे, सगळ्यात मागचे बैलगाडीच्या साटीवर चढलेले. बघता बघता माणसांचाच उतार तयार व्हायचा. आणि बाया माळवदावर. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांना मातीचं सपाट छप्पर असतं, तेच माळवद. ज्या घराचं माळवद पटांगणाकडं तोंड करून असेल त्या घरी जत्रेच्या दिवशी आख्ख्या आळीच्या बाया जमायच्या. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, मांडीवर झोपलेलं पोर, आणि डोळे खाली बतावणीवर. ऑगस्टसनं बायकांना वर बसवलं ते हुकूम काढून. आमच्याकडं हुकूम नव्हता, रीत होती, आणि ती हुकमाहून घट्ट होती. पण माझी आई म्हणायची, माळवदावरून सगळ्यात चांगलं दिसायचं.

उताराची उणीव फडानं गळ्यानं भरून काढली. शाहीर वरच्या पट्टीत गातो ते उगीच नाही. त्याच्या पाठीशी उभे असलेले झीलकरी ओळीचं शेपूट उचलून पुन्हा फेकतात, ते मागच्या बैलगाडीपर्यंत पोचावं म्हणून. सोंगाड्या आणि मावशीचा विनोद चेहऱ्यावर कमी आणि हातवाऱ्यांवर, वळणावर, खांद्यावरच्या उपरण्यावर जास्त चालतो. ग्रीक मेळ्यातले पंधरा जण जे काम दिवसाच्या उन्हात करत होते, ते आमचे झीलकरी रात्रभर बत्तीच्या उजेडात करत आले. या कलावंतांची विद्या कुणी वास्तुशास्त्रात मोजत नाही; मी मोजतो. त्यांनी भिंतीवाचून आणि पायरीवाचून नाट्यगृह उभं केलं.

आता कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. ते परदेशात असतानाच 26 जुलैला करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांना 50 टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम निघाला. त्याच प्रवासात रोमला त्यांनी जुनं रिंगण पाहिलं आणि तसं मैदान आपल्या मल्लांसाठी बांधायचं मनात धरलं, असं कोल्हापुरात घरोघरी सांगतात. खासबाग मैदान 1912 मध्ये पुरं झालं. तीसएक हजार माणूस बसेल एवढं. मधे गोल हौदा, त्यात तांबडी माती, ताक-तेल-हळद घालून मुरवलेली. आणि हौद्याभोवती चहूबाजूंनी चढत गेलेलं रिंगण.

मी ते पहिल्यांदा पाहिलं ते वडलांबरोबर. आमचे आई-वडील कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली टोळी घाट उतरायची, आणि पुढचे महिने कोल्हापूरकडच्या एखाद्या कारखान्याच्या उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत जायचे. एका कारखान्याच्या सुट्टीला वडील मला मोठ्या कुस्त्या बघायला घेऊन गेले. आमच्याकडच्या जत्रेत त्यांना मला खांद्यावर घ्यावं लागे, नाहीतर फेट्यांच्या पाठी तेवढ्या दिसायच्या. इथं आम्ही पार मागं, कडेच्या भिंतीजवळ बसलो आणि मला सगळं दिसत होतं. हलगी आणि घुमकं एकदम थांबलं. दोन पैलवानांनी हौद्यातली माती उचलून एकमेकांच्या खांद्यावर टाकली. एकानं पट काढला तेव्हा त्याच्या पाठीवरचा घाम आणि मातीचा पट्टासुद्धा दिसला. वडील सारखे वळून माझ्याकडं बघत होते, मला दिसतंय का म्हणून. दिसत होतं. चार पैसे जास्त देऊन पुढं बसलेल्या माणसाला जे दिसत होतं तेच कोयतेवाल्याच्या पोराला दिसत होतं.

कुस्तीला चेहरा लागत नाही, अंग लागतं. म्हणून रोमन मोजमाप तिला शोभतं. गाण्याचं नाटक तिथं बसलं नसतं, हे महाराजांना नेमकं कळलं होतं. खासबागेला लागूनच त्यांनी बंद नाट्यगृह बांधायला घेतलं, 1913 मध्ये सुरू होऊन 1915 मध्ये ते खुलं झालं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर, पुढं त्याला कोल्हापूरच्याच गायक नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. आत प्रेक्षकांच्या नजरेच्या आड येणारा एकही खांब नव्हता. रंगमंचाखाली पाण्याचा चर ठेवला होता, म्हणजे बारीक तानही घुमून वर येईल, असं कोल्हापूरकर सांगतात. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस आपल्या पाचव्या ग्रंथात नाट्यगृहाच्या पायऱ्यांखाली सुरात लावलेली ब्राँझची भांडी ठेवायला सांगतो, त्याचीच ही पाण्यातली बहीण म्हणायची. एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड दोन वेगळी शहाणपणं: इकडं हजारोंसाठी उघडं रिंगण, तिकडं चेहरा आणि गळा जपणारी गुहा. ग्रीक आणि भरतमुनी कोल्हापुरात शेजारी नांदले. गंमत अशी की नेमकं 1913 च्या ऑगस्टमध्ये इटलीत व्हेरोनाच्या जुन्या रोमन रिंगणात ऑपेराचे मोठे खेळ सुरू झाले, व्हर्दीच्या आयडानं. ते लोक आपलं अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचं रिंगण पुन्हा वापरात आणत होते तेव्हा कोल्हापूरचे गवंडी नवं बांधून मोकळे झाले होते.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, छत, खुर्च्या, सगळं जळालं. दुसऱ्या दिवशी 9 ऑगस्टला केशवरावांची जयंती होती. दर्शनी दगडी बाजू तेवढी उरली. माझ्या ओळखीतले तमाशाचे ढोलकीवाले त्या दिवशी फोनवर रडले. त्यांनी आयुष्यात कधी त्या रंगमंचावर पाऊल टाकलं नव्हतं. पुनर्बांधणीचं काम नंतर हाती घेतलं गेलं. लाकूड पुन्हा मिळेल, आवाजाचं गणितही बसवता येईल. जुनी मापं मात्र एका बोटानंही हलू नयेत अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

आणि मग धारूरचा विचार येतो. आमच्या तालुक्याला डोंगर आहे, दगड आहे, हातात घण धरणारे वडार आहेत, भारूड-गोंधळ-वग आहेत. बसायची जागा नाही. कार्यक्रम आला की सपाटीवर मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि कानठळ्या बसवणारे भोंगे; उताराचं काम भोंग्यावर टाकायचं. मी शाळेच्या वहीत एक हिशेब करून ठेवला आहे. पायथ्याला 20 फूट त्रिज्येचा अर्धगोल. त्याभोवती 20 ओळी, प्रत्येक ओळ अडीच फूट खोल आणि सव्वा फूट उंच. दोनास एक असा चढ येतो, तो एपिडॉरसच्या चढाइतकाच. माणशी दीड फूट धरलं तर अठराशे माणूस मांडी घालून बसतं. काँक्रीटच्या कमानी लागत नाहीत, डोंगर अर्धं काम करून बसलेला आहे. आपला काळा दगड उन्हात तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतो, तेव्हा खेळ अंधार पडल्यावरच लावायचे. पायऱ्यांची पाठ मावळतीला असावी, म्हणजे लवकर येऊन बसलेल्यांच्या डोळ्यावर ऊन येणार नाही. खाली पावसाचं पाणी वाहून जायला दगडी नाली हवी. एपिडॉरसच्या गोलाभोवतीही ती आहे.

हंगामाचाही प्रश्न नाही. अथेन्सचा नाट्योत्सव मार्च-एप्रिलमध्ये व्हायचा, समुद्र शांत होऊन गलबतं पुन्हा चालू झाली की. आमच्या टोळ्या पाडव्याच्या आगेमागे परत येतात. हातात हिशेबाचे पैसे असतात, उसाच्या पानांनी चिरलेले हात भरून येत असतात, आणि चैत्रात जत्रा लागतात. पहिला खेळ त्याच आठवड्यात ठेवायचा, ढोलकीच्या फडाचा, भोंग्याशिवाय. ओळी राखीव नकोत, पुढाऱ्यांच्या सोफ्यासाठी पायथ्याचा अर्धगोल अडवायचा नाही. बाया हव्या त्या पायरीवर बसतील.